वरून देवाचे, आतून कामाचे : सिंधुदुर्गातलं सणांचं वर्ष

[दृश्य : मालवण बंदर, श्रावणातली दुपार. ओढून ठेवलेल्या होड्या, मागे किल्ला.]

सरकारी कागदावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंदी 1 जूनला सुरू होते आणि 31 जुलैला संपते. पण मालवणच्या एखाद्या जुन्या रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, विचारा, तो पंचांग दाखवेल. श्रावणी पौर्णिमा आली नाही, दर्याला नारळ दिला नाही, तोवर त्याचं मन होडी लोटायला तयार होत नाही. यात श्रद्धा आहेच. शिवाय तोपर्यंत पावसाळी वाऱ्याचा जोर उतरतो, हेही त्याला पक्कं ठाऊक आहे.

इथले बहुतेक सण असेच. वरून देवाचे, आतून कामाचे.

समोर दिसतो तो सिंधुदुर्ग किल्ला. पायाभरणी 1664 ची. नारळी पौर्णिमेला किल्ल्यावरचा मानाचा नारळ आधी समुद्रात जातो, बाकीच्यांचे नंतर. मग बंदरावर नारळ लढवायचा खेळ रंगतो. एकाने नारळ मुठीत धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर आपटायचा. फुटला तो हरला. कठीण करवंटीचा नारळ नुसत्या नजरेने हेरणारी माणसं इथे आहेत, आणि ती आपली खूण कुणाला सांगत नाहीत.

[दृश्य : कुडाळ स्थानक. गाडीतून उतरणारी गर्दी, डोक्यावर बॅगा.]

भाद्रपदात येते चवथ. पुण्या-मुंबईत गणपती रस्त्यावर असतो, इथे तो घरात. मंडळांचे मंडप इथेही आहेत, पण खरा उत्सव माजघराच्या भिंतीशी. त्यासाठी मुंबईचा चाकरमानी काहीही करून येतो. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. त्याआधी लाल एसटी, आणि त्याहीआधी बोट. आता रेल्वेचं आरक्षण खुलं होताच काही मिनिटांत यादी भरते, आणि उरलेले रात्रभर महामार्गावर अडकतात. तरी येतात. वर्षभर कुलूप असलेल्या घरात त्या दिवसांत झोपायला जागा पुरत नाही.

गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगलेली दिसते, ती माटवी. तिच्याकडे जरा थांबून बघा. शहाळी, सुपारीचे घोस, तवशी, कवंडळं, कांगण्या, हरणाची फुलं, तेरडा, शेरवडाची पांढरी पानं. भाद्रपदात रानात जे जे पिकतं आणि फुलतं, ते सगळं इथे बांधलेलं असतं. आजोबा नातवाला घेऊन रानात जायचे आणि कवंडळाची वेल कुठल्या बांधावर चढते ते दाखवायचे. एवढा चांगला वनस्पतिशास्त्राचा तास कुठल्या शाळेत झाला नसेल. आता माटवीचं सामान कुडाळ-सावंतवाडीच्या बाजारात जुडी बांधून मिळतं. सोय झाली, हे खरं. पण वेल कुठे असते ते मात्र विकणाऱ्या बाईलाच माहीत.

रात्री भजन. बुवा, पेटी, पखवाज आणि मागे अख्खी वाडी, या घरातून त्या घरात. शेवटच्या घरात पोचेपर्यंत कोंबडा आरवायची वेळ होते आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीची कितवी वाटी चालली आहे ते कुणी मोजत नाही.

[दृश्य : पिवळं पडलेलं भात, कापणी.]

आश्विनात भात तयार होतं. नव्या लोंब्या आंब्याच्या पानांसोबत बांधून दाराला लावतात. त्याला म्हणतात नवं. दसऱ्याला देवांची तरंगं, म्हणजे वस्त्रं नेसवलेले देवांचे खांब, बाहेर पडतात, आपट्याचं सोनं वाटलं जातं.

मग दिवाळी. इथे तिला चावदिस म्हणतात, म्हणजे नरकचतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नान करून तुळशीसमोर यायचं, कारीट नावाचं छोटं कडू रानफळ पायाच्या अंगठ्याखाली फोडायचं, 'गोविंदा' म्हणून ओरडायचं आणि त्याचा थेंब जिभेला लावायचा. तोंड वाकडं झालं की पोहे. गोडे पोहे, ताकातले, दुधातले, दडपे. फराळाच्या लाडू-चिवड्याचं कौतुक इथे उशिरा आलं. चावदिसाचा मान पोह्यांचाच, कारण घरात नुकतं आलेलं असतं ते नवं भात.

तुळशीच्या लग्नाला ऊस, चिंचा, आवळे आणि दिंड्याची काठी. लग्न लागलं, की जत्रांचा हंगाम सुरू.

[दृश्य : देवळाचं आवार, रात्र. मांडावर दशावताराची तयारी.]

भात कोठारात गेलंय, पाऊस सहा-सात महिने लांब आहे, थंडी बेताची आहे. नाटक बघायला याहून चांगली वेळ कुठली?

त्रिपुरारी पौर्णिमेपासून गावोगावच्या देवळांत जत्रा. सोनुर्लीच्या माउलीसमोर लोटांगणं घातली जातात. दुकानांत गूळ-आल्याच्या खाज्याचे ढीग लागतात. पालखीची प्रदक्षिणा आटोपली, की मध्यरात्रीच्या सुमाराला पखवाजावर थाप पडते. दशावतार, म्हणजे इथलं रात्रभर चालणारं लोकनाट्य.

आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, मोरावरची सरस्वती येते. मग काळ्या वेषातला संकासूर, ज्याने वेद चोरलेले आहेत. बाकीचे देव भारदस्त मराठीत बोलतात आणि हा मालवणीत. प्रेक्षक अर्थातच त्याच्या बाजूचे. विष्णू त्याला मारतो तेव्हा बायाबापड्या हळहळतात. पुढे मुख्य आख्यान. लिहिलेली संहिता नाही. कथा ठरते, कोण कुठे शिरणार ते ठरते, संवाद तिथल्या तिथे. राजा राणीला अडचणीत टाकतो, राणी त्याला कोड्यात पकडते, आणि ती राणी म्हणजे दाढी गुळगुळीत केलेला, दिवसा आपल्या शेतात नांगर धरणारा पुरुष. पूर्वी पेटारा डोक्यावर घेऊन ही मंडळी गावामागून गावं चालत जायची. वालावलकर, पारसेकर, मोचेमाडकर, चेंदवणकर ही कंपन्यांची नावं इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ.

आता ट्रिकसीनची नाटकं आली आहेत. धूर निघतो, मुंडकं उडतं. गर्दीही होते. मला स्वतःला अजून तो जुना बाक आवडतो. एका बाकावर तीन तास राज्य, जंगल आणि स्वर्ग उभा करायला धूर लागत नाही.

पहाटे हंडी फुटते, दहीकाला वाटला जातो. नट रंग पुसतात आणि पुढच्या गावाला निघतात.

[दृश्य : मसुरे, आंगणेवाडीकडे जाणारा रस्ता.]

एक जत्रा मात्र कुठल्याच कॅलेंडरात छापता येत नाही. मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडी देवी. तिथीचा नियम नाही. शेतीची कामं आटोपली, की देवीचा कौल, म्हणजे तिची संमती, घेतात आणि तारीख जाहीर होते. मग मुंबईत सुट्ट्यांचे अर्ज पडतात, रेल्वे जादा गाड्या सोडते, राजकीय पुढारी आपापल्या नवसांची आठवण काढतात. नैवेद्य आंगणे घरांतल्या बाया रांधतात, तोही मुक्याने. बाहेर लाखांची गर्दी आणि चुलीपुढे एक शब्द नाही.

महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या वाळूत गावोगावचे देव समुद्रस्नानाला येतात. देवगडच्या हापूसला तोवर फळं धरलेली असतात.

[दृश्य : शिमगा. ढोल, पालखी, गुलाल.]

फाल्गुनात शिमगा. थोडं उत्तरेला, रत्नागिरी जिल्ह्यात चला, कारण पालखी नाचवावी तर तिथे. इतर दिवशी माणूस देवळात जातो, शिमग्यात देव माणसाच्या दारात येतो. माड किंवा आंबा तोडून होळी उभी राहते, फाका घातल्या जातात. त्या फाकांतले शब्द निवेदनात म्हणता येण्यासारखे नाहीत. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि अख्खं गाव एका सुरात उत्तर देतं : 'व्हय म्हाराजा!' या गाऱ्हाण्यात मुंबईतल्या पोराची नोकरीही असते, अडलेलं लग्नही, आणि आंब्याला मोहर टिकू दे हेही.

चैत्र-वैशाखात सण बेतानेच. माणसं बागेत असतात. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबे उतरवायचे, पेटीत भरायचे, काजूच्या बिया वेचायच्या. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागतो. सीमेवरच्या राखणदाराला कोंबडा दिला जातो. घरात सागोती, म्हणजे कोंबडीचा रस्सा, आणि वडे होतात. दुसऱ्या दिवशी जोत, म्हणजे नांगर-बैल, बाहेर काढतात, कारण पहिला पाऊस पडला तर तरव्याला, म्हणजे भाताच्या रोपांच्या पेरणीला, उशीर करून चालत नाही.