बाबा, प्रश्न मला होता

नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यात मुलीला दंतवैद्याकडे घेऊन गेलो होतो. स्वागतकक्षातील बाईंनी तिला जन्मतारीख विचारली आणि सवयीने उत्तर मी दिले, तेही धाकट्या मुलाची तारीख सांगून. परतताना गाडीत ती एवढेच म्हणाली, "बाबा, प्रश्न मला होता." सहा आठवड्यांनी ती विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायला जाणार आहे आणि तेव्हापासून हे वाक्य माझी पाठ सोडत नाही.

पाहुण्यांसमोर कविता म्हणून दाखवतच आपण वाढलो, आणि आपली मुलेही मंडळाच्या रंगमंचावर पाठ केलेली भाषणे न अडखळता म्हणतात, पण अनोळखी मुलाला "इथे बसू का?" एवढे विचारायची वेळ आली की तीच मुले मोबाइलमध्ये डोके खुपसतात. त्यांना दोष तरी कसा द्यावा? मंडळाच्या कार्यक्रमात नवे कुटुंब दाराशी ताटकळत असते आणि आपण वर्षानुवर्षे त्याच चौघांच्या घोळक्यात उभे असतो.

कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो आणि जवळच्या मैत्रीला २०० तासांहून अधिक. तेव्हा पहिल्या आठवड्यात कोणी जिवलग भेटले नाही, म्हणून मुलात काही उणे आहे असे नव्हे. २०१८ मधील आणखी एका संशोधनात असे दिसले की, पहिल्या गप्पांनंतर आपण समोरच्याला जितके आवडलो असे वाटते, त्याहून प्रत्यक्षात अधिक आवडलेले असतो. हे मी लेकीला मोठ्या उत्साहाने सांगितले, तर ती म्हणाली, "मग मंडळाच्या प्रत्येक बैठकीनंतर तू रात्रभर का कुढतोस?"

टाळत गेले की भीती मुरते आणि थोडे थोडे सामोरे गेले की ओसरते, म्हणून तिचे सगळे फोन आता तिनेच करायचे, असे आमच्या घरी ठरले. दंतवैद्याची पुढची वेळ बदलण्यासाठी तिने पहिला फोन केला, तेव्हा काय बोलायचे ते मी कागदावर लिहून पुढे सरकवले. तिने तो कागद शांतपणे पालथा घातला आणि तीन मिनिटांत काम उरकले.

ती मुळातच अबोल आहे. तिला बोलके करण्याच्या नादात तिचा स्वभावच मी दोष ठरवत तर नाही ना? हे तिलाच विचारायला हवे. पण तिने तोंड उघडण्याआधी मीच उत्तर देऊन बसेन, अशी मला धास्ती वाटते.