एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी

नमस्कार, श्रोतेहो.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मी गणित शिकवतो. पहिल्याच तासाला फळ्यावर एक वाक्य लिहितो : 'विद्यापीठात एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी आहेत.' प्राध्यापकांची संख्या प, विद्यार्थ्यांची व. समीकरण मांडा. तुम्हीही मनातल्या मनात मांडून बघा.

मुलं हसतात. सीईटीचा डोंगर चढून आलेली ही मुलं. त्यांना सातवीतलं गणित! अर्ध्या मिनिटात मागच्या बाकावरून उत्तर येतं, 'प बरोबर सहा व.' बऱ्याच माना डोलतात. मी म्हणतो, बरं, प्राध्यापक १० धरा. विद्यार्थी किती? ६०. आता घाला समीकरणात. १० बरोबर ३६०! वर्ग गप्प. व म्हणजे 'विद्यार्थी' हा शब्द नव्हे, तो त्यांचा आकडा आहे, आणि आकडा मोठा तर सहाने गुणायचं दुसऱ्याला, हे तेव्हा कुठे उमगतं.

हा प्रश्न मुळात अमेरिकेतला. तिथे १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांपैकी ३७ टक्के तो चुकले होते. म्हणजे आपलीच पोरं कच्ची, असं काही नाही. पण मराठीत त्यात एक गंमत आहे. तेच वाक्य 'प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत' असं लिहिलं, की माझ्या वर्गात फारसं कुणी चुकत नाही. शब्द ज्या ओळीने येतात त्याच ओळीने समीकरण उतरतं : सहा प बरोबर व. मला खरी धास्ती वाटते ती या बरोबर आलेल्या उत्तराची. विचार न करताही ते बरोबर येतं, आणि पूर्ण मार्क घेऊन जातं.

मुलांना विचारा, गणित येणं म्हणजे काय? पेन न थांबणं. 'सर, हा कुठल्या टाइपचा सम?' टाइप कळला की पेन धावतं. थांबलं की लगेच, 'मॅथ्स आपला प्रांतच नाही.' तिसऱ्या सेमिस्टरला एम-थ्रीचा, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरचा, बॅकलॉग लागला की त्यावर शिक्का बसतो. यात आम्हा शिक्षकांचा हात मोठा आहे. पेन थांबलेल्या दहा मिनिटांना आम्ही कधी मार्क ठेवलेच नाहीत.

म्हणून हल्ली अधूनमधून मी देवळालीच्या द. रा. कापरेकरांना वर्गात आणतो. शाळामास्तर माणूस, आकड्यांचं वेड. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा. ३५२४ घेतलेत तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तेच : ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४च. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत तिथेच पोचता.

गेल्या वर्षी कॅल्क्युलेटर टकटकत होते, आणि 'हे पेपरला आहे का?' हा नेहमीचा प्रश्न आलाही. त्याच्या पाठोपाठ एम-वनला दोनदा नापास झालेली एक मुलगी उठली. म्हणाली, 'सर, पाच अंकी घेतली तर?'

उत्तर मला ठाऊक होतं. मी खडू तिच्या हातात दिला.