आई आयसीयूत, माझं डायलिसिस मंगळवारी

नमस्कार. आज आवाज जरा हळू येईल. याच खोलीत खिडकीपाशी आईची कॉट आहे आणि तिचा आत्ता कुठे डोळा लागलाय. तुमच्याकडे आवाज वाढवून घ्या.

मी ठाण्यात लोकमान्य नगरला राहते, वय 36. किडन्या काम करत नाहीत म्हणून डायलिसिसवर आहे: मंगळ, गुरु, शनि, सकाळी 7 ची शिफ्ट, 4 तास मशीनवर. घरात आई आणि मी, दोघीच. माझं पथ्य, माझ्या पाण्याचं माप, सगळं तिच्याकडे. आणि एका मंगळवारी तिलाच पॅरालिसिसचा झटका आला.

पावणेसहाला तिनं दूध आत घेतलं, मला हाक मारली, "उठ गं, सात वाजतील." सहा-दहाला ओट्याशी कप फुटला. जाऊन बघते तर तोंडाची उजवी बाजू लोंबलेली, उजवा हात गळालेला, आणि बोलत होती त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

तोंड, हात, बोलणं. यातलं एक जरी अचानक बिघडलं तरी "थोडं पडून बघ" म्हणायचं नाही. शेजारच्या काकू मायेनं साखरपाणी घेऊन आल्या, ते मी परत पाठवलं. अशा वेळी गिळणं बिघडलेलं असू शकतं, पाणी श्वासनलिकेत जातं. रक्त पातळ करायची गोळीही आपल्या मनानं द्यायची नाही. मेंदूत गुठळी अडकलीये की रक्तस्राव झालाय, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही आणि दोन्हींचे उपचार उलटे असतात.

पण इतकं माहीत असून मी चूक केलीच. रिक्षा केली आणि जवळचं नर्सिंग होम गाठलं. तिथे सीटी मशीनच नाही! 25 मिनिटं तिथे गेली. म्हणून सांगते, आजच फोन करून विचारून ठेवा: घराजवळ सीटी स्कॅन 24 तास कुठे चालू असतं? आणि 108 ची ॲम्ब्युलन्स फुकट आहे, मला त्या घाईत आठवलीच नाही.

मोठ्या हॉस्पिटलात पहिला प्रश्न आला, "शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?" झटका कधी दिसला ते नाही, त्याआधी नीट कधी होत्या ते. झोपेतून उठतानाच त्रास दिसला तर घड्याळ आदल्या रात्रीपासून मोजतात. मी सांगितलं, पावणेसहा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. आईला ते मिळालं.

आता माझं सांगते. व्हिडिओ खरं तर यासाठीच करतेय.

साडेसातला डायलिसिस सेंटरचा फोन. मी म्हटलं, आज नाही जमणार, आई ॲडमिट आहे. सिस्टर म्हणाल्या, "अहो, पण शनिवारनंतर आज आहे." मला काय माहीत नव्हतं? शनि ते मंगळ हे आमच्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं अंतर. अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, आणि पोटॅशियम हृदयावर जातं. तरी मी म्हटलं, उद्या बघू.

मग नातेवाईक आले. हॉस्पिटलात येताना आपल्याकडे काय आणतात? शहाळं, केळी, मोसंबी. सगळ्यात पोटॅशियम, म्हणजे नेमकं माझं विष. दिवसभर पोटात काही नव्हतं, मामींनी शहाळं हातात दिलं, मी प्यायले. वर येणाऱ्या प्रत्येकाबरोबर कटिंग. मला दिवसाला सगळं मिळून 1 लिटर पाणी, त्यात चहासुद्धा धरायचा. मोजणारी आत आयसीयूत होती.

बुधवारी रात्री दोन वाजता बाकावर आडवी झाले आणि श्वास मिळेना. उठून बसलं की थोडा मिळायचा, आडवं झालं की बंद. खालीच कॅज्युअल्टी होती म्हणून निभावलं. त्याच रात्री मशीनवर घेतलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी फार नाही, एकच वाक्य ऐकवलं: "ताई, आईसाठी आलात की शेजारची कॉट अडवायला?"

राग आला. पण त्या रात्री भाऊ दोन मजल्यांच्या मध्ये धावत होता, वर आई, खाली मी. कामोठ्याहून आलेला, अंगावर ऑफिसचाच शर्ट. त्याला बघितलं आणि राग उतरला.

सकाळी आम्ही कामं वाटली. बसून होणारी माझी, उभ्यानं होणारी त्याची. त्याला आईच्या बीपीच्या गोळीचं नाव ठाऊक नव्हतं, मला रात्रीचं जागरण झेपत नाही. फाइल, औषधांची यादी, डॉक्टरांशी बोलणं, नातेवाइकांना रोज एकच मेसेज, हे माझ्याकडे. रात्री, औषधांची धावपळ, उचलणं-वळवणं त्याच्याकडे. ज्यांचा फिस्टुला आहे (डायलिसिसच्या सुया टोचायला हातात ऑपरेशननं केलेला रक्तवाहिन्यांचा जोड) त्यांनी हे कानाला खडा लावून ठेवा: त्या हातानं माणूस उचलायचा नाही. मी एकदा आईला सावरायला डावा हात पुढे केला आणि सिस्टर माझ्यावर ओरडल्या. बरोबरच ओरडल्या. आता दिवसा ब्युरोची मावशी येते, 12 तास.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे, पण ते कुटुंबाला मिळून. एकाच रेशनकार्डावर दोन पेशंट असतील तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

आता जे बोलायचं नव्हतं ते. आई मला किडनी देणार होती. रक्तगट जुळला होता, पुढच्या तपासण्या चालू होत्या. डॉक्टर मला तिच्या मेंदूचा स्कॅन दाखवत होते आणि माझ्या मनात आलं, मग माझ्या किडनीचं काय? आई वाचेल का, हे त्याच्यानंतर आलं. कितीतरी दिवस मी स्वतःच्या तोंडाकडे आरशात बघत नव्हते. शेवटी एका रात्री 14416 ला फोन लावला. टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. पलीकडच्या बाईंनी माझं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "आज जेवलात का?" मी जेवले नव्हते.

किडनीसाठी आता मुंबईच्या प्रतीक्षायादीत नाव घालायचं चाललंय. त्याच्यावर वेगळा व्हिडिओ करीन.

आईला सगळं कळतं, शब्द सापडत नाहीत. पाणी हवं असलं की "चावी" म्हणते आणि स्वतःवरच चिडते. पण हरिपाठ लावला की ओळीच्या ओळी बरोबर म्हणते. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, असं होतं, पाठ असलेलं आणि सुरातलं बऱ्याचदा टिकून राहतं. पूर्वी ती रोज सकाळी माझ्या फिस्टुलावर बोटं ठेवून आतली थरथर बघायची आणि म्हणायची, "चालू आहे." परवा डाव्या हातानं चाचपून बघितलं. बराच वेळ शब्द शोधला. मग म्हणाली, "गिरणी."

चालेल की. गिरणीच आहे ती.

(फ्रिजवरचा कागद कॅमेऱ्यासमोर धरते.) हा आमचा कागद. वरच्या अर्ध्यात आई, खालच्या अर्ध्यात मी: आजार, गोळ्या, ॲलर्जी, कुठल्या हातातून रक्त काढायचं नाही, डायलिसिसचे वार, आणि मी आजारी पडले तर आईकडे कोण. फोन नंबरांवर मी पट्टी चिकटवलीये. शेवटच्या रकान्यात अजून एकच नाव आहे, भावाचं. दुसरं शोधतेय.

प्रश्न असतील तर विचारा. मंगळ, गुरु, शनि सकाळी मात्र उत्तर येणार नाही, डावा हात मशीनला लावलेला असतो आणि उजव्या हातानं मला धड टाइप करता येत नाही.