तासभर गप्प बसलेली गायिका

माहलर या संगीतकाराची तिसरी सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली अनेक भागांची रचना, प्रत्यक्ष वाजताना पाहिलीत, तर बऱ्याचदा एक दृश्य दिसतं. शेसव्वाशे वादक जीव तोडून वाजवत असतात आणि त्यांच्यात एक बाई खुर्चीवर स्वस्थ बसलेली असते. पहिला भागच अर्ध्या तासाहून मोठा. मग दुसरा, तिसरा. तास उलटतो. आणि चौथ्या भागात ती उठते. गळा तापवायला सवड नाही. सगळं सभागृह चिडीचूप झालेलं, आणि तिला खालच्या पट्टीत, अगदी हळू म्हणायचं असतं : ‘ओ मेन्श’, अरे माणसा, सावध हो, मध्यरात्र काय सांगते आहे ते ऐक. दोनच स्वर, खाली-वर होणारे. तिथे आवाज जरा कापला तरी लपायला जागा नाही.

१९६८ साली गेऑर्ग शोल्टी या संचालकाने लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर ही सिंफनी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा ही जागा हेलन वॉट्सची होती. तिच्याबद्दल बोलायला मी आज उभी आहे.

हेलनचा जन्म १९२७चा, वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पेम्ब्रुकशरमधल्या मिलफर्ड हेवन या बंदराच्या गावी. वेल्स म्हणजे गाणाऱ्यांचा मुलुख. तिथल्या साध्या प्रार्थनामंदिरातही भजनं एकसुरात गात नाहीत, चार आवाजांत गातात. खाणीत काम करणारा माणूस आपली ओळ बिनचूक धरतो. हे जमलं त्यामागे एकोणिसाव्या शतकात पसरलेली ‘टॉनिक सोल-फा’ ही पद्धत आहे. तिच्यातला ‘डो’ आपल्या षड्जासारखा हलता असतो, गाणाऱ्याच्या सोयीने कुठेही धरावा. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची स्वरलिपी, न येणाऱ्या माणसालाही तिने अवघड स्वररचना गायला लावल्या, हे मला फार मोठं काम वाटतं.

हेलन लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकली आणि आधी समूहगायनात उभी राहिली, ग्लाइंडबोर्न या ऑपेरा महोत्सवाच्या आणि बीबीसीच्या कोरसमध्ये. तिचा आवाज कॉन्ट्राल्टो. स्त्रीचा सगळ्यात खालचा, आपल्या भाषेत मंद्राकडे झुकलेला. हा आवाज दुर्मीळ असतो आणि ऑपेरात त्याच्या वाट्याला नायिका फारशा येत नाहीत. म्हाताऱ्या, आया, जादूगारणी, देवता, नाहीतर पुरुष! वाग्नरच्या ‘ग्योटरडेमरुंग’ या ऑपेरात ती नियतीचा दोर वळणाऱ्या तिघींपैकी पहिली आहे. शोल्टीच्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणात पडदा उघडल्यावर पहिला आवाज तिचाच येतो. हँडेलने १७११मध्ये कास्त्रातो, म्हणजे लहानपणीच खच्ची केल्यामुळे आवाज उंच राहिलेल्या पुरुष गायकासाठी लिहिलेला रिनाल्डो हा योद्धाही तिने १९६१मध्ये रंगमंचावर उभा केला.

आणखी एक ओझं होतं. कॅथलीन फेरियर ही इंग्लंडची लाडकी कॉन्ट्राल्टो १९५३मध्ये अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी कॅन्सरने गेली. त्यानंतर या आवाजाची जी कोणी समोर येई, तिच्यात लोक फेरियर शोधत. बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराच्या ऑपेरातली नायिका लुक्रेशिया फेरियरने १९४६मध्ये पहिल्यांदा गायली होती. १९६४मध्ये इंग्लिश ऑपेरा ग्रुपच्या रशिया दौऱ्यात तीच लुक्रेशिया हेलनने गायली. फेरियरच्या आवाजात ऊब होती, ऐकणारा विरघळे. हेलनच्या आवाजात मला ऊब कमी आणि स्वच्छपणा जास्त दिसतो. शब्द आणि स्वर यांच्या मध्ये ती स्वतः येत नाही. मी तिला जास्त मानते ती यासाठीच. याबद्दल तुम्ही माझ्याशी जरूर भांडा.

तिचं खरं घर ऑपेरा नव्हे, ऑरेटोरिओ, म्हणजे बहुधा धार्मिक कथा नाटक न करता गाऊन सांगणारी रचना. चार एकल गायक रांगेत, मागे समूह, हातात वही, वेशभूषा नाही, अभिनय नाही. बाख, हँडेल, एल्गार या संगीतकारांच्या रचना. १९७८मध्ये तिला सीबीई हा ब्रिटिश किताब मिळाला, २००९मध्ये ती गेली.

आता मी तुम्हाला हँडेलच्या ‘मसाया’ या येशूवरच्या ऑरेटोरिओमधलं एक गाणं ऐकवणार आहे, कॉलिन डेव्हिस या संचालकाने १९६६मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणातलं. त्या काळी ‘मसाया’ शेकडो गायकांचा, जडशीळ होऊन बसला होता. डेव्हिसने समूह लहान ठेवला, लय हलकी केली. गाणं आहे ‘ही वॉज डिस्पाइज्ड’, त्याला, म्हणजे येशूला, तुच्छ लेखलं. १७४२मध्ये डब्लिनला सुझाना सिबर या अभिनेत्रीने ते पहिल्यांदा गायलं होतं.

हँडेलने इथे काय केलंय पाहा. वाक्य पुरं होऊच देत नाही. ‘तुच्छ लेखलं’, थांबा. व्हायोलिन एक उसासा टाकतं. ‘तुच्छ लेखलं, नाकारलं’, पुन्हा थांबा. दुःख सांगायला बसलेल्या माणसाला एका दमात बोलता येत नाही, तसं. आणि स्वरसप्तक कोणतं? पाश्चात्त्य संगीतात दुःखाशी जोडलं जाणारं, रडकं ‘मायनर’ नव्हे, उजळ वाटणारं ‘मेजर’. मधल्या भागात तंतुवाद्यं चाबकासारखी तुटक वाजू लागतात, कारण शब्दच ‘त्याने मारणाऱ्यांपुढे पाठ केली’ असे आहेत. मग पहिला भाग परत येतो, तेच शब्द, पण आता आपण फटके ऐकलेले असतात.

हेलन कुठेही हुंदका देत नाही. ती थांबते. दिवे थोडे मंद करा. ‘ही वॉज डिस्पाइज्ड’ या पहिल्या तीन शब्दांनंतरच्या विरामाकडे कान ठेवा.