मॉनिटरवरचा आकडा
(सोलापुरात नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. सोलापुरात तो मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चारही भाषांत ऐकू येतो: "ऑक्सिजन किती आहे?" आम्ही ९४ म्हटलं की चेहरा उजळतो, ८८ म्हटलं की उतरतो. प्रश्न रास्त आहे. पण फुप्फुसाच्या तीव्र इजेवर गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे संशोधन झालं, त्याने आम्हाला पुन्हा पुन्हा एकच ठेच लावली. हा आकडा सुधारतो आणि तरी माणूस जातो. आज त्या ठेचांबद्दल बोलणार आहे.

आधी ही इजा काय ते सांगतो. दमा, क्षय, न्यूमोनिया आपल्याला माहीत आहेत. हिचं मूळ मात्र पुष्कळदा फुप्फुसाच्या बाहेरही असतं. बार्शीकडचा कोणी आतडं फुटून येतो. अक्कलकोटची बाळंतीण रक्तात जंतुसंसर्ग होऊन येते. हायवेवरच्या अपघातात कुणाच्या मांडीचं हाड मोडलेलं असतं. कुणी द्राक्षबागेवर फवारायचं औषध प्यायलेला असतो आणि उलटी श्वासनलिकेत गेलेली असते. डेंग्यू, मलेरिया, स्वाइन फ्लू आहेतच. एक-दोन दिवस ठीक जातात, मग धाप लागते आणि एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसतात. शरीरभर भडकलेल्या दाहाने फुप्फुसातल्या केशवाहिन्यांच्या भिंती गळक्या झालेल्या असतात, आणि वायुकोशांत प्रथिनांनी भरलेलं पाणी झिरपलेलं असतं. मग शंभर टक्के ऑक्सिजन सोडला तरी रक्तापर्यंत पोचायला त्याला वाट नसते. "मग ते पाणी सुईने काढा की," असं नातेवाईक म्हणतात. फुप्फुसाभोवती साठलेलं पाणी सुईने निघतं. कोट्यवधी वायुकोशांच्या आत शिरलेलं निघत नाही.

१९६७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अ‍ॅशबॉ, पेटी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या अशा १२ पेशंटांची माहिती छापली. मूळ आजार निरनिराळे, पण फुप्फुसाचं चित्र सारखं. १२ पैकी ७ दगावले. पुढे याला एआरडीएस, म्हणजे अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम, हे नाव पडलं.

तोवर डॉक्टरांचा कृत्रिम श्वासावर मोठा विश्वास बसला होता, आणि तो उगाच नव्हता. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सांगण्यावरून मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने फुगा दाबून रुग्णांना श्वास दिला. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली. पण पोलिओत लुळे पडतात ते श्वासाचे स्नायू. फुप्फुस बऱ्याचदा धडधाकट असतं. एआरडीएसमध्ये फुप्फुसच जखमी असतं, आणि जखमी अवयवावर श्वासाचं यंत्र, म्हणजे व्हेंटिलेटर, किती जोर करतंय हे विचारायला आम्ही फार उशीर केला.

१९७४ साली वेब आणि टिअर्नी या दोघांनी उंदरांच्या निरोगी फुप्फुसांत मोठ्या दाबाने हवा भरली. तासाभराच्या आत ती पाण्याने भरून गेली. म्हणजे आजार नसताना निव्वळ यंत्राने आजार झाला! एवढी स्पष्ट गोष्ट, पण पेशंटच्या उशाशी पोचायला तिला पंचवीस वर्षं लागली. मधल्या काळात मिलानच्या लुचानो गात्तिनोनींनी सीटी स्कॅन करून दाखवलं, की अशा पेशंटचं सगळं फुप्फुस सारखं खराब नसतं. बराचसा भाग मिटलेला असतो, आणि जो उघडा राहतो तो जेमतेम पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढा. आम्ही मात्र त्यात मोठ्या माणसाच्या मापाचा श्वास कोंबत होतो.

२००० साली अमेरिकेतल्या दहा विद्यापीठांच्या केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. माझ्या मते या शाखेतला हा सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास. पेशंट ८६१. निम्म्यांना दर श्वासाला किलोमागे १२ मिलिलिटर हवा, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे. निम्म्यांना फक्त ६. मोठ्या श्वासाच्या गटात ३९.८ टक्के लोक गेले, लहान श्वासाच्या गटात ३१ टक्के. फरक इतका स्वच्छ होता, की अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला.

आता यातली खरी मेख ऐका. पहिले काही दिवस रक्तातला ऑक्सिजन कुणाचा चांगला होता? मोठा श्वास मिळालेल्यांचा! त्या दिवशी मॉनिटर बघून कुणी पैज लावली असती, तर जास्त मृत्यू होणाऱ्या गटावरच लावली असती. तिकडे ताणलेलं फुप्फुस आणखी दाह पेटवत होतं आणि त्याची झळ किडनीला, यकृताला लागत होती. हे मॉनिटरवर दिसत नाही.

आणि हे किलो काट्यावरचे नव्हेत. माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस वाढत नाही, ते ठरतं उंचीवर. समजा, आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातली विड्या वळणारी एखादी बाई आहे. उंची १४८ सेंटिमीटर, वजन ७० किलो. सूत्राने तिचं वजन धरायचं साडेएक्केचाळीस किलो, म्हणजे श्वास साधारण २५० मिलिलिटरचा. काट्यावरचं वजन धरलं तर तो ४२० होतो. अंदाजाने सेटिंग लावलं की बुटक्या माणसावर अन्याय होतो. परदेशातल्या अभ्यासांतही हेच दिसलं, की उंचीने कमी असलेल्या बायकांना सुरक्षित मापाचा श्वास मिळण्याचं प्रमाण कमी आहे. उपाय फुकटचा आहे. पेशंटला सरळ झोपवायचं, डोक्यापासून टाचेपर्यंत टेप लावायची आणि उंची केसपेपरवर लिहायची. तुमचं माणूस मशीनवर असेल, तर "उंची मोजली का?" एवढं जरूर विचारा. चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही.

औषधांची कथा थोडक्यात आटोपतो, कारण ती बहुतेक निराशेचीच आहे. दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल शिरेतून दिलं की फुप्फुसातलं पाणी कमी होतं, असं छोट्या अभ्यासात दिसलं. सगळे खूश. मग ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास झाला, २०१२ साली निकाल आला: औषध मिळालेले ३४ टक्के गेले, न मिळालेले २३ टक्के. पुन्हा तेच. पाण्याचा आकडा सुधारला आणि माणसं जास्त गेली. कोविडमध्ये डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू खरंच कमी केले. पण ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा फायदा दिसला नाही. तरी लोकांनी ते मेडिकलमधून आणून घरी खाल्लं.

आता पालथं झोपवण्याकडे येतो. पाणी प्यालेलं फुप्फुस जड होतं. ओल्या सोलापुरी चादरींची चळत रचली तर सगळ्यात खालच्या चादरी दबून चिप्प होतात, तसा उताण्या पेशंटच्या पाठीकडचा भाग दबतो. नेमका तिथेच रक्तपुरवठा भरपूर असतो. पालथं केलं की तो भाग उघडतो. गात्तिनोनींनीच २००१ साली ३०४ पेशंटांवर हे तपासलं, दिवसाला सुमारे सात तास. ऑक्सिजन सुधारला, मृत्यू घटले नाहीत. पुष्कळांनी नाद सोडला. फ्रान्सच्या क्लोद गेरँ यांनी सोडला नाही. फक्त गंभीर पेशंट निवडले, लहान श्वास दिला आणि एका वेळी किमान १६ तास पालथं ठेवलं. २०१३ चा निकाल: २८ दिवसांत उताण्या गटात ३२.८ टक्के मृत्यू, पालथ्या गटात १६ टक्के. ४६६ पेशंट होते. आपल्या या शास्त्रात एवढा फरक क्वचितच दिसतो. गंमत अशी, की त्याच अभ्यासाचा पुढे बारकाईने हिशेब केला तेव्हा कळलं, की ज्यांचा ऑक्सिजन फारसा सुधारला नाही त्यांनाही फायदा झाला होता. म्हणजे इथेही वाचवलं ते फुप्फुसावरचा ताण कमी झाल्यामुळे.

यात महागडं काही नाही, पण माणसं लागतात. नळी, सलाइन, कॅथेटर यातलं काही न निसटू देता बेशुद्ध पेशंट पालथा करायला चार-पाच जण हवेत. डोक्याशी नळी धरून एक जण उभा, आणि गालावर, कपाळावर दाबाने जखम होऊ नये म्हणून सिस्टर दर दोन तासांनी मान वळवणार. रात्रपाळीला दहा पेशंटांमागे दोन सिस्टर असतील, तर १६ तासांचे सहज ८ होतात. नवीन व्हेंटिलेटरच्या उद्घाटनाचे फोटो पेपरात येतात. सिस्टरांची रिकामी पदं भरली, तर त्याचा फोटो कुणी काढत नाही. ते असो.

शेवटी घरी गेलेल्यांविषयी. टोरंटोच्या मार्गारेट हेरिज यांनी यातून वाचलेल्या १०९ जणांचा मागोवा घेतला. वर्षभरात फुप्फुसं जवळपास पूर्ववत झाली होती. अंगात ताकद मात्र नव्हती, निम्मेच कामावर परतले होते. पाच वर्षांनीही सहा मिनिटांत चालण्याचं अंतर अपेक्षेच्या सुमारे तीन चतुर्थांश. ज्याला यंत्रमागावर पाळीभर उभं राहायचंय, त्याची यात रोजीरोटी जाते. घरचे म्हणतात, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे, आता आळस करतोय." तो आळस नसतो. आठवडेच्या आठवडे पडून आणि दाहाने स्नायू झडलेले असतात. ओपीडीत परत आलेला पेशंट आधी एक्स-रेचं पाकीट पुढे करतो. मी ते बाजूला ठेवून त्याला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगतो. जमलं नाही, तर एक्स-रे कितीही स्वच्छ असो, कामावर जायचं सर्टिफिकेट देत नाही. फिजिओथेरपीची चिठ्ठी देतो आणि सोबत आलेल्यांना आत बोलावतो.