गिरणीवाल्याची मुलगी आणि पंतप्रधान

श्रोतेहो, नमस्कार.

माझी आजी जालन्याजवळच्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीतली. अक्षरओळख नव्हती, पण स्तोत्रं आणि शुभवर्तमान ऐकून ऐकून पाठ. नवे पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले आणि वचन सोडून भलतंच बोलू लागले, की आजी सतरंजीवर बसल्या बसल्या पदर सावरायची आणि हळूच मान हलवायची. उपासना संपली की पाळकसाहेब आधी तिच्याकडे यायचे. "मावशी, काय चुकलं?" म्हणून विचारायचे.

आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, त्या अब्राहम कायपर यांच्या आयुष्यात अशीच एक बाई आली, म्हणून आजीची आठवण झाली. कायपर हॉलंडचे, पुढे तिथले पंतप्रधान झालेले. जन्म १८३७ चा, वडीलही पाळकच. लायडन विद्यापीठात ईश्वरविज्ञान शिकून १८६२ मध्ये ते डॉक्टर झाले. तेव्हाच्या नव्या, बुद्धिवादी विचारांचा त्यांच्यावर चांगलाच पगडा होता. दुसऱ्याच वर्षी बेस्ट नावाच्या खेड्यात पाळक म्हणून रुजू झाले. तिथे पीत्ये बाल्टुस नावाची गिरणीवाल्याची मुलगी राहायची. तिशी ओलांडलेली, अविवाहित. ती चर्चमध्ये पाऊलच टाकत नव्हती. तिथे सांगितला जातो तो आमच्या वाडवडिलांचा विश्वास नव्हे, असं तिचं म्हणणं.

कायपर तिच्या घरी गेले. तिने हात पुढे करायला नकार दिला. पुष्कळ आग्रह झाल्यावर हात दिला, पण बजावलं की हा हात माणूस म्हणून देते आहे, धर्मबंधू म्हणून नाही. एवढा शिकलेला माणूस. रागावून निघून आला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. कायपर मात्र परत गेले, पुन्हा पुन्हा गेले, आणि त्या घरात बसून त्यांनी ऐकून घेतलं. जुन्या कॅल्विनवादी, म्हणजे कॅल्विन या धर्मसुधारकाच्या शिकवणीतल्या कडव्या प्रोटेस्टंट श्रद्धेकडे ते वळले, त्यात या बाईचा वाटा मोठा, हे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. मला त्यांच्या साऱ्या आयुष्यात हा प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. पंतप्रधानपदापेक्षाही.

कारण कायपर यांचं पुढचं राजकारण अशाच लोकांसाठी होतं: छोटे दुकानदार, कारागीर, कोळी, शेतकरी. त्यांच्यातल्या बहुतेकांना मताचा अधिकारच नव्हता. १८७२ मध्ये कायपर यांनी 'द स्टांडार्ट' हे दैनिक काढलं. १८७४ मध्ये ते संसदेवर निवडून आले. पाळकाला संसदेत बसता येत नाही असा तिथला कायदा, म्हणून पाळकपद सोडावं लागलं.

भांडण कशावरून पेटलं, तर शाळेवरून. सरकारी शाळांचा खर्च सगळ्यांच्या करातून चाले. ज्या आईबापांना मुलांसाठी ख्रिस्ती शिक्षणाची शाळा हवी, त्यांनी करही भरायचा आणि आपली शाळाही आपल्याच पैशाने चालवायची. १८७८ च्या कायद्याने इमारत, शिक्षक यांच्या अटी आणखी कडक केल्या, पण खाजगी शाळांना मदत काही दिली नाही. राजाने या कायद्यावर सही करू नये म्हणून कायपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ज फिरवला. तीन लाखांहून जास्त सह्या झाल्या. त्या देशात तेव्हा मतदार याच्या निम्मेही नव्हते. राजाने तरीही सही केली. पण त्या सह्यांमधूनच दुसऱ्या वर्षी, १८७९ मध्ये, कायपर यांचा पक्ष उभा राहिला.

श्रोतेहो, हे सांगताना माझा आवाज थोडा चढला असेल तर समजून घ्या. मी स्वतः विनाअनुदानित शाळेत नऊ वर्षं शिकवलं आहे. पत्र्याची खोली. उन्हाळ्यात मुलं वह्यांनी वारा घ्यायची. रोज मस्टरवर सही करायची आणि महिनाअखेरी हातात काहीच पडायचं नाही. घर चालायचं ते सुट्टीच्या दिवशी मोसंबीच्या बागेत मिळणाऱ्या हजेरीवर. वीस टक्के अनुदानाच्या यादीत शाळेचं नाव आलं, त्या दिवशी आमच्या मुख्याध्यापकांनी गूळ आणि शेंगदाणे वाटले. परदेशातलं हे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं भांडण म्हणून मला परकं वाटत नाही.

कायपर यांचं मागणं फक्त आपल्या पंथापुरतं नव्हतं, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. कॅथलिकांना त्यांची शाळा मिळावी, कुठलाच धर्म नको असणाऱ्यांना त्यांची मिळावी, आणि सरकारने सगळ्यांना सारखं वागवावं, असं ते म्हणत. कुटुंब, शाळा, चर्च, व्यापार, शासन, प्रत्येकाचं आपापलं अंगण असतं, त्याचा अधिकार थेट देवाकडून आलेला असतो, आणि शासनाने दुसऱ्याच्या अंगणात घुसू नये. १८८० मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला त्यांनी 'मुक्त विद्यापीठ', म्हणजे शासन आणि चर्च दोघांच्याही ताब्यातून मुक्त असलेलं विद्यापीठ, सुरू केलं, तेव्हाचं त्यांचं भाषण याच विषयावर होतं. पाच प्राध्यापक आणि मूठभर विद्यार्थी, एवढंच ते विद्यापीठ. हॉलंडच्या प्रोटेस्टंटांनी ऐंशी वर्षं कॅथलिक स्पेनशी युद्ध केलेलं. तरी कायपर यांनी शाळेच्या प्रश्नावर हर्मान स्खापमान या कॅथलिक धर्मगुरूशी हातमिळवणी केली. स्खापमानही खासदार होते. घरच्यांचे किती बोल ऐकून घ्यावे लागले असतील!

धर्माचा माणूस राजकारणात कशाला, असं आपल्याकडेही लोक म्हणतात. पण मराठवाड्याने हे जवळून पाहिलं आहे. १९३२ मध्ये संन्यास घेतलेले स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत शिकवत होते. तिथून ते हैदराबाद स्टेट काँग्रेसमध्ये गेले, निजामाच्या तुरुंगात गेले, आणि पुढे आपल्या औरंगाबादेतून लोकसभेवरही. भगवी वस्त्रं अंगावर होतीच. स्वामीजी आणि कायपर यांची तुलना मी करत नाही, दोघांचे मार्ग फार वेगळे. एवढंच म्हणतो, की दोघंही शाळेच्या वाटेने राजकारणात आले.

१९०१ मध्ये कायपर पंतप्रधान झाले. इथून पुढचं सांगायला मला जड जातं. १९०३ च्या जानेवारीत अ‍ॅम्स्टरडॅममध्ये रेल्वे कामगारांनी संप केला आणि जिंकला. सरकारने लगेच रेल्वेचा संप गुन्हा ठरवणारी विधेयकं आणली. त्याविरुद्ध एप्रिलमध्ये सार्वत्रिक संप झाला, तो फसला. कायदे मंजूर झाले आणि रेल्वेचे शेकड्यांनी कामगार घरी बसले. कामगार त्यांना गळा आवळणारे कायदे म्हणत. आणि हेच कायपर १८९१ च्या सामाजिक परिषदेत गरिबांच्या बाजूने उभे राहून म्हणाले होते, की दानधर्माने भागणार नाही, समाजाची बांधणीच चुकली आहे. बेस्टच्या खेड्यात जाऊन एका बाईचं ऐकून घेणारा माणूस, त्याला रेल्वेच्या यार्डात जाऊन ऐकता आलं नाही. १९०५ ची निवडणूक ते हरले. त्या संपाचा हिशेब लोकांनी विसरला नव्हता, असं मला वाटतं.

दुसरंही एक बोलायलाच हवं. आपापल्या अंगणाच्या त्यांच्या विचाराचा आधार पुढे दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद मानणाऱ्यांनी घेतला. 'तुमचं वेगळं, आमचं वेगळं' म्हणत लाखो लोकांना वेशीबाहेर ठेवलं. त्याच देशातल्या अ‍ॅलन बुसाक या कृष्णवर्णीय धर्मपंडितांनी कायपर यांचेच शब्द घेऊन त्या लोकांना उत्तर दिलं. गावकूस काय असतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या आजोबांचा वाडा गावकुसाबाहेरचाच. म्हणून कायपर यांचा हा विचार मला शाळेसाठी पटतो, आणि माणसांसाठी तो वापरला की भीती वाटते.

शाळेचा प्रश्न सुटला १९१७ मध्ये. घटना बदलली, सरकारी आणि खाजगी शाळांना सारखा पैसा मिळू लागला, आणि त्याच तडजोडीत सगळ्या पुरुषांना मताचा अधिकार मिळाला. पुढचा कायदा १९२० मध्ये शिक्षणमंत्री द व्हिसर यांनी केला, तेही ईश्वरविज्ञान शिकलेले पाळक. त्याच वर्षी नोव्हेंबरात, आठ तारखेला, कायपर वारले.

मी मात्र थांबतो त्याच्या सहा वर्षं आधी. १९१४. कायपर सत्याहत्तरीकडे झुकलेले, माजी पंतप्रधान. बेस्टहून बातमी आली की पीत्ये बाल्टुस गेली. तेव्हा त्यांनी आपल्या दैनिकात तिच्यावर लिहिलं. गावाबाहेर जिचं नाव कोणाला माहीत नव्हतं, त्या गिरणीवाल्याच्या मुलीवर.

नमस्कार.