खातं उघडायला सिबिल कशाला?

नमस्कार मंडळी. आज जरा तक्रारीच्या सुरात बोलणार आहे, आधीच सांगून ठेवते. बँकेत कर्ज मागायला गेलं आणि त्यांनी सिबिल, म्हणजे आपण आधीची कर्जं कशी फेडली त्याची नोंद आणि तिचा स्कोअर, बघितलं तर कोणाची काही हरकत नसते, पैसे त्यांचे, बुडू नयेत म्हणून ते चार गोष्टी तपासणारच. पण हल्ली माणूस साधं बचत खातं उघडायला जातो, म्हणजे स्वतःचे पैसे बँकेत ठेवायला जातो, आणि तिथेही काउंटरवरून ऐकू येतं, पॅन द्या, स्कोअर बघावा लागेल. अहो पण मागतंय कोण तुमच्याकडे? द्यायला आलोय ना आम्ही!

मी नाशिकच्या अंबडला एका छोट्या कारखान्यात हिशेब आणि पगाराचं काम बघते. नवीन पोरं येत असतात, कोणी सुरगाण्याचं, कोणी पेठचं, कोणी पार नंदुरबारकडून आलेलं, काही बिहार यूपीची, आणि आमच्याकडे पगार रोखीत देत नाहीत त्यामुळे आल्या आल्या खातं लागतंच. आधार आहे, पॅन आहे, फोटो आहे, कंपनीचं पत्र आहे, तरी त्यातल्या एका पोराला एका बँकेने, नाव घेत नाही मी, सरळ सांगितलं की तुझं सिबिल खराब आहे, खातं होणार नाही. पोरगं विशीतलं. सिबिल काय असतं हेच त्याला धड माहिती नव्हतं, त्याला वाटलं आपल्यावर पोलीस केस वगैरे झाली की काय, कोणाशी बोलेना, डबा तसाच परत न्यायचा, शेवटी सुपरवायझरने खोदून विचारलं तेव्हा कळलं. मग आम्ही रिपोर्ट काढला तर निघालं काय, गावाकडे असताना मोबाईल हप्त्यावर घेतलेला, शेवटच्या हप्त्याच्या दिवशी पैसे नव्हते, हप्ता चुकला, त्यावर दंड चढला, आणि नंतर याने दुकानात जाऊन रोख भरले ते पुढे कुठे नोंदलेच गेले नाहीत. एवढंच! त्यापायी त्याला स्वतःचा पगार घ्यायला खातं मिळेना.

आता हे सिबिल सिबिल जे आपण म्हणतो ते आधी नीट समजून घ्या, कारण बऱ्याच लोकांना वाटतं हे सरकारी आहे, रिझर्व्ह बँकेचंच काहीतरी खातं आहे. तसं नाही. ती एक कंपनी आहे, २००० साली सुरू झालेली, आणि अशा एकूण चार कंपन्या आपल्याकडे आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. त्यांच्यासाठी २००५ चा कायदा आहे आणि रिझर्व्ह बँक त्यांच्यावर लक्ष ठेवते, हे खरं. त्यांच्याकडे काय असतं, तर तुमची कर्जं, तुमची क्रेडिट कार्डं, हप्ते वेळेवर गेले का, किती दिवस उशीर झाला, कोणाला जामीन राहिलात का. हो, जामीन पण दिसतो बरं का! मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला सही केली असेल तर ती पण तिथे बसलेली असते. पण तुमच्या बचत खात्यात किती पैसे आहेत, तुम्ही दर महिन्याला किती टाकता, हे त्यात नसतंच. म्हणजे बघा, जो माणूस आयुष्यभर कर्ज न घेता काटकसरीने पैसे साठवत आला त्याच्याबद्दल सिबिलला काहीच माहिती नाही, त्याचा स्कोअर ३०० ते ९०० च्या मधे कुठेच नाही, तिथे उणे एक येतं नाहीतर एनएच, म्हणजे इतिहासच नाही. आमच्या आईचं तसंच आहे. उभ्या जन्मात कोणाचं पाच रुपयाचं देणं ठेवलं नाही आणि रेकॉर्डवर बाई नाहीतच.

बरं मग खातं उघडायला नियमाने लागतं काय? केवायसी. तुम्ही कोण आणि राहता कुठे, एवढं. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या नियमांत अधूनमधून बदल होतात, पण मूळ गोष्ट तीच, आधार, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचं जॉब कार्ड, यातलं काहीतरी, आणि पॅन, पॅन नसेल तर तसं लिहून द्यायचा फॉर्म. स्कोअरचं नाव कुठेही नाही. आणि यातलंही काही नसलेल्या माणसासाठी छोटं खातं म्हणून प्रकार आहे, त्यात एका वेळी ५० हजारांपर्यंतच शिल्लक ठेवता येते आणि महिन्याला १० हजारांपर्यंतच काढता येतात, पण खातं मिळतं. म्हणजे ज्याच्याकडे धड कागदच नाहीत त्याच्यासाठी सोय केलेली आहे, आणि आमच्या पोराकडे सगळे कागद असून त्याला परत पाठवतात, कमाल आहे की नाही?

त्याशिवाय बेसिक बचत खातं आहे, ज्याला बँकेत बीएसबीडी म्हणतात. २००५ मध्ये हे नो फ्रिल्स म्हणून आलं, २०१२ ला त्याचं आत्ताचं रूप झालं, आणि २०१४ ला जनधन आलं ते त्याच पायावर. किमान शिल्लक ठेवायची अट नाही, एटीएम कार्ड मिळतं, महिन्याला निदान चार वेळा पैसे काढता येतात. आणि रिझर्व्ह बँकेने स्वच्छ सांगितलंय की ही सगळ्यांसाठी असलेली नेहमीची बँकिंग सेवा आहे. फक्त त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं नको. काउंटरवर मात्र हे कोणी आपणहून सांगत नाही, कारण यात बँकेला सुटत काही नाही, तुम्हाला दाखवतात ते दहा हजार शिल्लकवालं, त्याचं रंगीत माहितीपत्रक असतं ना, ते.

मग बँका सिबिल बघतात कशाला? माझं मत सांगते. एक तर विकायला. खातं उघडता उघडता क्रेडिट कार्ड, प्री अप्रूव्हड लोन, ओव्हरड्राफ्ट, सगळं एकाच फॉर्मवर. शाखेतल्या लोकांना टार्गेट असतं, त्यांना बिचाऱ्यांना वरून फोन येत असतात, मी त्यांना फार दोष देत नाही. फॉर्मवर खाली बारीक अक्षरात एक ओळ असते की माझी क्रेडिट माहिती घ्यायला माझी संमती आहे, आपण तिथे सही करून मोकळे होतो. दुसरं कारण म्हणजे त्याच बँकेचं तुमचं जुनं देणं असेल तर. आणि इथे जरा थांबते, कारण आपल्या जिल्ह्यात हा विषय मोठा आहे. निफाड चांदवडकडचा शेतकरी लासलगावला नाहीतर पिंपळगावला कांदा घालतो, पैसे बँकेत येतात, आणि पीककर्ज थकलेलं असेल तर खात्याला होल्ड लागतो. स्वतःच्या कांद्याचे पैसे, आणि काढता येत नाहीत. कधी अनुदानाचे पैसे पण अडकतात, त्यावरून आंदोलनं होतात, अधिकारी येतात, होल्ड काढा म्हणून सांगतात, पुन्हा तेच. म्हणून ज्याचं एका बँकेत थकलंय तो पगाराचं किंवा मालाचं खातं दुसरीकडे उघडायला जातो, आणि दुसरीकडे हे सिबिलचं भूत पुढ्यात उभं. जायचं कुठे त्याने?

माझा मावसभाऊ इंग्लंडला असतो, तो म्हणाला ताई इकडे पण खातं उघडताना तपासतात. असेल. तिकडे चालू खात्याला बऱ्याचदा ओव्हरड्राफ्ट जोडलेला असतो, म्हणजे शून्याच्या खाली जाता येतं, ते एक प्रकारचं कर्जच झालं. अमेरिकेत तर चेकसिस्टम्स म्हणून वेगळीच व्यवस्था आहे, कोणाचं जुनं खातं देणं ठेवून बंद झालं याची नोंद ती ठेवते आणि बँका ती बघतात. आपल्या साध्या बचत खात्यात उधारीचा प्रश्नच येत नाही, इतकंच काय, किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून दंड लावला तरी नुसत्या त्या दंडामुळे खातं शून्याच्या खाली न्यायचं नाही, हा नियम एप्रिल २०१५ पासून आहे. मग बँकेचं बुडणार काय?

उलट बुडालं तर आपलं बुडतं. आपण ठेव ठेवतो तेव्हा देणेकरी बँक असते, आपण नाही. बँकेवर निर्बंध आले की शटरसमोर रांगेत ठेवीदार उभे असतात, पेन्शनर, बचत गटाच्या बायका, नाशिककरांना हे मी सांगायला नको. ठेवीवर विमा आहे पाच लाखांपर्यंत, तोसुद्धा फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी १९९३ पासून फक्त एक लाख होता. नोटा आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून छापतात, आणि त्याच नोटा बँकेत ठेवायला गेलेल्या नाशिककराला म्हणतात आधी तुमची पत दाखवा. तुमची दाखवा की आधी! सोयरिकीतसुद्धा सिबिल शिरलंय आता, मूर्तिजापूरला मुलाचा स्कोअर बघून ठरत आलेलं लग्न मोडल्याची बातमी २०२५ मध्ये सगळ्यांनी वाचली असेल, हसलो आपण, पण नोकरीच्या जाहिरातीत पण येतंय ते.

आता करायचं काय. बँकेने सिबिलचं कारण देऊन नाही म्हटलं तर भांडू नका, हे कारण लेखी द्या एवढंच म्हणा. आमच्या पोरासोबत मी गेले होते तेव्हा तेच म्हटलं, तर काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म उलटापालटा करून बघितला, म्हणाल्या असं लेखी आजवर कोणी मागितलं नाही, थांबा साहेबांना विचारते, आणि साहेब आले ते हसतच आले, म्हणाले तसं काही नाही हो, बेसिक खातं करून देतो. आधीच करायचं ना मग! सगळीकडे इतकं सोपं होणार नाही हे मला माहितीये. नाही झालं तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करायची, पोच घ्यायची, आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. २०२१ पासून सगळ्या देशाची एकच योजना आहे, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, ऑनलाइन सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर होते, नाहीतर १४४४८ ला फोन करून विचारायचं.

आणि रिपोर्ट तेवढा काढून बघाच, खातं असो नसो. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, त्यांच्याच वेबसाइटवर, त्यासाठी गल्लीतल्या एजंटला पाचशे रुपये द्यायची गरज नाही. स्वतःचा बघितला म्हणून स्कोअर कमी होत नाही, ही अफवा आहे. त्यात चौकशीचा एक भाग असतो, कोणी कधी तुमची माहिती मागवली ते तिथे दिसतं, आणि २०२४ पासून कोणी रिपोर्ट बघितला की तुम्हाला मेसेज किंवा मेल यायला हवा, अर्थात तुमचा नंबर त्यांच्याकडे बरोबर असला तर, म्हणून नंबर तपासा. चुकीचं काही असेल तर तक्रार टाका, ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. आमच्या पोराने त्या मोबाईलच्या हप्त्याची तक्रार टाकलीये, दुकानाची पावती त्याच्या आईने गावाकडे डब्यात जपून ठेवली होती म्हणून बरं, तिचा फोटो काढून पाठवला भावाने. अजून निकाल आलेला नाही, मुदत चालू आहे. पगार मात्र सात तारखेला खात्यात पडला.

लोकपालाचा नंबर परत सांगते, पेन घ्या. एक चार चार चार आठ. मराठीत बोलता येतं.